ओळखीची खूण

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर तो चौकोन असतोच. ‘ओळखीची खूण’. आजवर असले जितके फॉर्म भरले, त्या प्रत्येकावर मी एकच ओळ लिहीत आले आहे: डाव्या भुवईच्या वर वण. पहिल्यांदा ती बाबांनी लिहिली, शाळेच्या कुठल्याशा कागदावर, त्यांच्या तिरक्या अक्षरात. पुढे मी ती नुसती उतरवत राहिले. जन्मतारीख उतरवतो तशी, आरशात न बघता. परवा काउंटरमागच्या बाईंनी तो कागद हातात घेतला, डोक्यावर सरकवलेला चष्मा खाली ओढला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठंय?” मी केस मागे घेतले, भुवईवर बोट टेकवलं, बोट बाजूला केलं. त्या खुर्चीतून थोड्या उठल्या. “नाही दिसत हो. आठ्याच आहेत नुसत्या.” मागे रांग होती. रांगेतल्या एका गृहस्थांनीही मान लांब करून माझं कपाळ पाहिल्यासारखं मला वाटलं. “दिसेल असं काहीतरी लिहा ना,” बाई म्हणाल्या, अगदी समजुतीच्या सुरात. मी ती ओळ खोडली, दुसरं काहीतरी लिहिलं, सही ठोकली आणि बाहेर पडले.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. तरी ते वाक्य दिवसभर सुटेना.

घरी आल्यावर आधी न्हाणीघरातल्या आरशात पाहिलं. दिवा अगदी तोंडासमोर, त्यामुळे सगळं सपाट. कपाळावर तीन आठ्या, दोन लांब, एक अर्धवट. बाकी काही नाही. मग खोलीत येऊन टेबलावरचा दिवा बाजूला ओढला, उजेड कानाच्या बाजूने आडवा येईल असा धरला, आणि मग तो सापडला. मसुराच्या दाण्याएवढा उथळ खळगा, अर्धवट आठीच्या अगदी टोकाला. आठीचं वाक्य जिथे संपतं तिथे कुणी पूर्णविराम द्यावा तसा. म्हणजे गेला नव्हता तो कुठे. माझं कपाळच त्याच्याभोवती म्हातारं होत गेलं होतं आणि त्या गर्दीत तो मिसळून गेला होता. अकराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत हा खड्डा दिसू नये म्हणून मी कपाळावर केसांची झालर ठेवली. उन्हाळ्यात घामाने ती कपाळाला चिकटायची, तरी ठेवली. आणि आता एक बाई ‘दिसत नाही’ म्हणाल्या, तर मला माझी काहीतरी वस्तू हरवल्यासारखं का वाटावं? सुटल्यासारखंही वाटलं, नाही असं नाही. पण आधी राग आला, सुटका नंतर जाणवली. हा क्रम मला खटकला.

मला कांजिण्या आल्या तेव्हा मी अकरा वर्षांची होते, धाकटी आठ. एका संध्याकाळी अंग मोडून आलं, कणकण आली, आणि सकाळी पोटावर दोन लाल ठिपके. डास चावले असतील म्हणून मी ते खाजवले. दुपारपर्यंत त्यांच्यावर पाणी धरलं होतं. इवलासा, पातळ कातडीचा, आतून चमकणारा फोड. गुलाबाच्या पाकळीवर दव पडल्यासारखा दिसतो, असं वैद्यकाच्या पुस्तकांतही त्याचं वर्णन करतात. डॉक्टर लोक रोगांना इतकी सुंदर उपमा क्वचितच देतात. अर्थात ज्याच्या अंगावर ते दव पडलेलं असतं त्याला तेव्हा फक्त खाज कळते. कांजिण्या एका दमात येत नाहीत, लाटांनी येतात. पाठीवरचे फोड खपली धरत असतात तेव्हा मानेवर नवे उगवतात, आणि एकाच वेळी अंगावर ठिपका, फोड, पू, खपली असं सगळं नांदत असतं. मी मोजायला घेतले होते. एकशे चाळीसपर्यंत आले आणि पाठीचे दिसेनात म्हणून सोडून दिले. लस न घेतलेल्या मुलाला साधारण 250 ते 500 फोड येतात, हे मी पुष्कळ नंतर वाचलं आणि आपली मोजणी निम्म्यावरच थांबली होती हे कळून जरा हिरमुसलेही.

आईने माझी नखं मुळापर्यंत कापली. कॅलामाइनची गुलाबी बाटली उशाशी आली. ते लावताना गार गार वाटायचं, आणि वाळलं की कातडी ओढली जायची आणि चादरीवर गुलाबी भुकटी पडायची, खडूच्या वासाची. आजही तो वास आला की मला दुपार आठवते, पडदे ओढलेली, पंख्याचा आवाज आणि भिंतीपलीकडे धाकटीचं एकटीने खेळणं. आम्हाला वेगळं ठेवलं होतं. माझी खोली वेगळी, उशी वेगळी, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. आईने हे सगळं पहिल्या ठिपक्याच्या दिवशीच केलं, घाईने आणि अगदी काटेकोर. पण अंगावर पहिला ठिपका उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या दुसऱ्याला लागू शकतात. ज्या रात्री आम्ही दोघी एका पांघरुणात डोकं खुपसून विजेरीच्या उजेडात गोष्टी वाचत होतो, ती रात्र या सगळ्या बंदोबस्ताच्या आधीची होती. उश्या वेगळ्या झाल्या तोवर जे द्यायचं ते मी देऊन बसले होते.

पंधराव्या दिवशी तिला ताप आला. माझ्या खपल्या तोवर जवळपास गळून गेल्या होत्या.

खपली हा काय प्रकार असतो, हे ज्याने काढली आहे त्यालाच ठाऊक. आधी ती टणक होते, कडा काळपट होतात. मग एखाद्या सकाळी एक कड सुटते, कपड्याला अडकते, आणि त्यानंतर मनाला दुसरं काही सुचत नाही. नखाची टोकं नसली तरी बोटाच्या पेराने ती कड चाचपत राहायची. सुटायला झालेली खपली निघते तेव्हा बारीकसा, गोड म्हणावा असा आवाज होतो. आवाज नसेलही, आतूनच जाणवत असेल. खाली नवी, गुलाबी, चकचकीत कातडी. सुटायला न झालेली निघाली तर मात्र आधी पांढरं दिसतं, मग त्या पांढऱ्यात लाल ठिपका भरत येतो. माझ्या भुवईवरचा वण असाच झाला. तो पहिल्या लाटेतला फोड होता. पहिल्या काही फोडांचे वण राहण्याची शक्यता जास्त असते म्हणतात, तेव्हा सगळा दोष माझ्या बोटाचा नसेलही. पण मी तो काढला होता, दोनदा काढला होता, आणि दोन्ही वेळा मला त्यात मजा आली होती.

धाकटीला माझ्याहून खूप जास्त आल्या. टाळूवर, तोंडात, पापणीच्या कडेला. ताप चार दिवस उतरला नाही. मी बरी झालेली, अंगावर ठिपक्यांची रांगोळी घेऊन घरभर हिंडणारी, आता तिच्या खोलीत जायला मला मोकळीक होती, कारण मला ते पुन्हा होण्यातलं नव्हतं. मी तिच्यासाठी गोष्टी वाचायचे. कापसाने कॅलामाइन लावायचे. आईपेक्षा मला ते जास्त नाजूक जमतं असं तीच म्हणायची. घरात एका मुलाच्या मागोमाग दुसरं आजारी पडलं तर त्या दुसऱ्याला बहुधा जास्त फोड येतात. बाहेर कुणाशी ओझरती गाठ पडून झालेली लागण वेगळी आणि एका घरात दिवसरात्र सोबत राहून झालेली वेगळी; दुसऱ्या प्रकारात विषाणू अंगात जास्त शिरत असावा, असं त्याचं कारण देतात. हे मी वाचलं तेव्हा माझं लग्न होऊन मुलगी झाली होती. बाळाच्या लसीकरणाची माहिती शोधता शोधता ते वाक्य समोर आलं आणि मी लॅपटॉप मिटून टाकला. एका पांघरुणातली ती विजेरी आठवली. म्हणजे जिच्याशी जास्त जवळीक, तिलाच जास्त.

तिच्या खपल्या धरायला लागल्या तसा आमचा एक खेळ सुरू झाला. रोज संध्याकाळी मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवून तपासणी करायचे. “ही उद्या पडणार. ही परवा. ही हट्टी आहे.” ती श्वास रोखून बसायची. आपोआप पडलेल्या खपल्या आम्ही एका काडेपेटीत ठेवल्या होत्या. आईला सापडली तेव्हा तिने ती चिमट्याने धरून बाहेर नेली. आणि मग ती रात्र. ती झोपली होती, उजवा कान उशीत, डावा गाल वर. दाराच्या फटीतून दिव्याची पट्टी नेमकी तिच्या गालावर पडली होती. गालाच्या मधोमध ती हट्टी खपली, सर्वांत मोठी, आणि तिची एक कड किंचित सुटलेली. मी बराच वेळ नुसती बघत होते, हे आठवतं. मग मी हात पुढे केला. ती निघाली, पण सगळी सुटलेली नव्हती. मधे कुठेतरी धरून होती आणि तिथे मी ओढली. धाकटी झोपेतच कण्हली, कूस बदलली. सकाळी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग होता, आणि गालावर लाल, ओला खड्डा.

आई तिला रागावली. “किती वेळा सांगितलं, नखं लावू नकोस म्हणून!” ती रडत म्हणाली, “मी नाही लावलं.” आईने तिचे हात पाहिले. नखं कापलेली, स्वच्छ. “झोपेत लावलं असशील,” आई म्हणाली. मी दारात उभी होते.

पुढच्या आठ-दहा रात्री धाकटी हातांत मोजे घालून झोपली. तिने स्वतःहून मागून घेतले होते. मनगटाशी नाडी बांधायला ती माझ्याकडेच यायची. “घट्ट बांध,” म्हणायची, “म्हणजे माझा हात जायचा नाही.” मी बांधायचे.

मराठीत डाग हा शब्द मोठा गमतीदार आहे. कपड्यावर पडतो तो डाग, चारित्र्याला लागतो तो डाग. पण जुन्या बायका सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणतात, आणि प्रवासाला निघताना सामान मोजतात तेही डागच, ‘किती डाग झाले?’ कांजिण्यांनंतर धाकटीच्या अंगावरचे डाग मी मनातल्या मनात या तिन्ही अर्थांनी मोजले आहेत. पहिले काही महिने सगळं अंगच ठिपक्याठिपक्यांचं होतं. काही तपकिरी, काही जांभळट, आणि दोन-तीन उलट पांढरे, भोवतीच्या कातडीपेक्षा फिके, जणू तिथला रंग घाबरून पळून गेला. मग एकेक पुसट होत गेले. चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर ती त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला लागली, तेव्हा मीही सोबत जायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं: डाग वेगळा, वण वेगळा. डाग म्हणजे नुसता रंग. कातडीला दाह झाला की रंग तयार करणाऱ्या पेशी गोंधळतात, मेलॅनिन भरमसाट सोडतात, आणि मूळचा वर्ण जितका सावळा तितका हा गोंधळ जास्त आणि जास्त दिवसांचा. वरच्या थरात सांडलेला रंग कातडी आपणच झटकते, कारण तो थर साधारण महिन्याभरात बदलत असतो. तरी नवा रंग ओतला जाणं थांबायला कित्येक महिने लागतात. पण काही रंग खाली, आतल्या थरात झिरपतो. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात आणि पोटात धरून बसतात. असा डाग करडा, निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. ऊन लागलं की सगळेच पुन्हा गडद. म्हणून डॉक्टरांनी पहिलं औषध काय लिहून दिलं, तर सनस्क्रीन. धाकटीचा फार विरस झाला होता. तिला वाटलं होतं, काहीतरी जळजळणारं, खरं औषध मिळेल.

वण म्हणजे मात्र खड्डा. फोड खोल गेला, त्यात जंतू शिरून पू झाला किंवा खपली ओढली गेली, की आतल्या थराला बांधून ठेवणारं प्रथिन, कोलॅजन, मोडतं. कातडी डागडुजी करते, पण घाईघाईने, आणि भर कमी पडते. व्रण म्हणजे मूळ संस्कृतात जखम. आपण त्याचाच वण केला आणि जखम भरल्यावर उरते त्या खुणेलाही तोच शब्द ठेवला. जखम कुठली आणि खूण कुठली, हे वेगळं करायची आपल्याला गरज वाटली नसावी. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘देवीचे वण’ यायचे. देवी आणि कांजिण्या हे दोन अगदी निराळे रोग आहेत, हे विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1767 मध्ये नीट मांडलं. त्याआधी दोन्ही फोडांच्या एकाच गाठोड्यात बांधले जायचे. देवीने चेहरेच्या चेहरे विस्कटून टाकले. जगातून तिचं निर्मूलन झाल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं. त्या वणांपुढे आमच्या कांजिण्यांचे वण म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पंधरा वर्षांच्या मुलीला ते सांगून बघा मात्र.

तिच्या चेहऱ्यावर मोजून सहा वण राहिले. पाच लहान. एक डाव्या गालावर, मधोमध.

चेहऱ्यावरच्या खड्ड्यांना समोरून येणारा उजेड झाकतो आणि बाजूने येणारा उघडं पाडतो, हे शास्त्र धाकटी कुणीही न शिकवता शिकली. कुठल्याही खोलीत शिरली की तिची नजर आधी खिडकी शोधते. मग ती अशी खुर्ची निवडते की खिडकी तिच्या डाव्या हाताला येणार नाही. बसमध्ये, वर्गात, पुढे ऑफिसात, लग्नाच्या फोटोंमध्ये. तिला ही सवय आहे हे तिला स्वतःला ठाऊक नसावं; मला ठाऊक आहे, कारण मी पस्तीस वर्षं तिच्याबरोबर खोल्यांमध्ये शिरते आहे आणि ती बसेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. तिने पुष्कळ उपचार केले. रंगावरची मलमं झाली. खड्ड्याच्या तळाशी अणकुचीदार काडीने तीव्र आम्ल टेकवतात, म्हणजे तिथे मुद्दाम नवी जखम करून नवं कोलॅजन उगवायची वाट बघतात, तेही झालं. बारीक सुयांचा रूळ फिरवतात, तो झाला. लेझर झालं, आणि त्यानंतर काही महिने उलट नवेच तपकिरी डाग आले, कारण सावळी कातडी लेझरलाही जखमच समजते आणि आपल्या जुन्या पद्धतीने रंग ओतून मोकळी होते. या सगळ्या उपचारांची गंमत अशी की एकही उपाय कातडीला न दुखावता होत नाही. त्या प्रत्येक वेळी मी फोनवर म्हणायचे, “कशाला गं? छान तर दिसतेस.” हे वाक्य माझ्या तोंडी कसं यायचं, कुणास ठाऊक. आईने म्हटलं असतं तर ते माया ठरलं असतं.

मध्यंतरी वडिलांना नागीण झाली. बरगडीच्या एका बाजूने फोडांचा पट्टा, सदरा टेकला तरी कळ. तीही याच विषाणूची करणी. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू अंगातून जात नाही. मज्जारज्जूजवळच्या चेतागाठींमध्ये जाऊन निजतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी, शरीर थकलं की एखाद्याच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा कातडीवर येतो. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी या विषयाचं बरंच वाचलं, आणि त्यात जखमांविषयीची एक गोष्ट सापडली जी मला नागिणीपेक्षाही जास्त लागली. 1740 मध्ये कमोडोर अँसनचं इंग्रज आरमार जगप्रदक्षिणेला निघालं. वाटेत खलाशांना स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वच मिळेना. त्यांतला एक माणूस पन्नास वर्षांपूर्वी लढाईत जखमी झाला होता. जखम केव्हाच भरून आली होती. ती त्या बोटीवर पुन्हा उघडली, जशी काही कधी भरलीच नव्हती. कारण क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन तयार होत नाही, आणि वणातलं कोलॅजन सतत मोडत असतं, शरीर ते सतत नवं घालत असतं. म्हणजे वण ही एकदा होऊन गेलेली, वाळून बसलेली गोष्ट नाही. शरीर तो रोज राखतं. त्याने हात आखडला तर पन्नास वर्षांनीही आतली जखम तशीच, उघडी.

त्या बाकावर माझ्या शेजारी धाकटी बसली होती. तिची डावी बाजू भिंतीकडे.

माझ्या मुलीच्या अंगावर असं काही नाही. तिला लसीचे दोन्ही डोस दिले. ही लस मिचिआकी ताकाहाशी नावाच्या जपानी डॉक्टरने केली. 1964 मध्ये त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी फार बेजार केलं. आईबाप रात्री त्याच्या उशाशी बसून होते. दहा वर्षांनी, 1974 मध्ये, त्याने लस तयार केली. त्यासाठी विषाणू घेतला तो एका लहान मुलाच्या फोडातल्या पाण्यातून, आणि त्या मुलाचं आडनाव होतं ओका. आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या त्या विषाणूच्या वाणाला ओकाच म्हणतात. आम्ही दोघी आजारी पडलो तेव्हा ती लस तयार होऊन दीड दशक उलटलं होतं, आमच्यापर्यंत पोचली नव्हती, इतकंच. मुलीला दुसरा डोस देऊन आणलं त्या रात्री ती झोपल्यावर मी तिचा गाल बघत बसले. दंडावर टोचल्याचा एक लाल ठिपका होता. सकाळपर्यंत तोही गेला.

तर परवा, फॉर्मचं ते प्रकरण झालं त्या रात्री, मी धाकटीला फोन केला. आधी नुसती गंमत म्हणून सांगितली, बाईंची नक्कल करून. ती खूप हसली. “म्हणजे तू आता ओळखू येईनाशी झालीस,” म्हणाली. मग मी म्हटलं, मला तुला एक सांगायचंय. जुन्या खपल्या काढू नयेत म्हणतात. मी तर खरीखुरीच काढली होती. मी सगळं सांगितलं. दाराची फट, उजेडाची पट्टी, सुटलेली कड. अभ्र्यावरचा डाग. आई रागावली ते. मोजे. नाडी. सांगताना लक्षात आलं की वाक्यं माझ्याकडे आधीपासून तयार होती, घासूनपुसून, आणि म्हणूनच ती मला खोटी वाटायला लागली.

ती काही बोलली नाही. मागे तिच्या घरात कुकर वाजत होता.

“मोजे आठवतात,” ती शेवटी म्हणाली. “मला वाटायचं माझा हात माझं ऐकत नाही. कितीतरी दिवस भीती वाटायची मला माझ्या हाताची.” पुन्हा गप्प. मग, “कुठली गं खपली?”

“डाव्या गालावरची. मोठी.”

“ताई, तो वण नाहीये आता.”

मला कळेना. ती म्हणाली, अगं बारा वर्षं झाली. लेझरच्याही आधी. तो खड्डा फार खोल होता, वरून काही करण्यात अर्थ नाही म्हणाले, म्हणून बारीक गोल पात्याने तेवढा भाग कापूनच काढला आणि एक टाका घातला. सातव्या दिवशी टाका निघाला. आता तिथे एक रेघ आहे, तीही मला माहीत आहे म्हणून दिसते. “तुला सांगितलं होतं की मी. तू ‘कशाला गं, छान तर दिसतेस’ म्हणालीस.”

बारा वर्षं. या बारा वर्षांत आम्ही किती वेळा समोरासमोर बसलो असू. मी तिच्या डाव्या गालाकडे बघायचं टाळत आले आणि न बघताच तिथे तो खड्डा मला दिसत आला. मागच्याच महिन्यात ती आली होती, खिडकीकडे बघून खुर्ची बदलून बसली होती. मग ती खुर्ची कशासाठी बदलली, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

“रागावलीस?” मी म्हटलं.

“थांब, कुकर बंद करून येते.” ती गेली. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, शिट्टी, भांडं सरकवल्याचा आवाज. बराच वेळ लावला तिने. की मलाच तो बराच वाटला. परत आली ती वेगळ्याच आवाजात, नेहमीच्या. “मोज्यांबद्दल आहे राग,” ती म्हणाली. “वणाबद्दल नाही. तो तसाही झालाच असता कदाचित. पण तू नाडी बांधायचीस ना रोज.” यावर मी काय म्हणणार होते. हो म्हटलं.

मग तिच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोललो. आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. फोन ठेवता ठेवता तिला एकदम आठवलं. “अगं, पण मग त्या फॉर्मवर काय लिहिलंस शेवटी?”

“तीळ. हनुवटीच्या खाली.”

“तुला हनुवटीखाली तीळ आहे?”